बरा झालेला माणूस घरी येतो तेव्हा

मुलांनो, रत्नागिरीचा थिबा राजवाडा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सहलीत पाहिला असेल. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी 1886 साली इथं आणून ठेवलं. तीस वर्षं तो इथं राहिला आणि 1916 साली इथंच वारला. मायदेशी परत जाणं काही त्याच्या नशिबी आलं नाही.

त्याच 1886 साली रत्नागिरीत आणखी एक जागा सुरू झाली. ती सहलीच्या यादीत नसते. ती म्हणजे आपलं मनोरुग्णालय. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही महाराष्ट्रातली चार जुनी सरकारी मनोरुग्णालयं. मैदानावर खेळताना कुणी चुकलं, की "याला रत्नागिरीला पाठवा रे!" असं तुम्ही सहज म्हणून जाता. पण तिथं कोण असतं? तुमच्याआमच्यासारखीच माणसं. कुणी शेतकरी, कुणी शिकलेला तरुण, कुणाची तरी आई.

ताप येतो तसा मनालाही आजार होतो. कुणाला नसलेले आवाज ऐकू येतात, कुणाला सगळेच आपले शत्रू वाटू लागतात. यात भूतबाधा नाही की करणी नाही. औषधं वेळेवर घेतली, तर यातली बरीच माणसं चांगली सुधारतात. आजोबा मधुमेहाची गोळी रोज घेतात ना? तसंच हे.

खरी अडचण पुढेच आहे. राजाला परत जाऊ दिलं नाही ते इंग्रजांनी. मग बऱ्या झालेल्या माणसाला घरी जाता येत नसेल, तर त्याला कोण अडवतं?

याचं उत्तर शोधणाऱ्या एका डॉक्टरांची गोष्ट सांगते. मुंबईचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांना एकदा रस्त्यावर एक तरुण दिसला. केस वाढलेले, अंगावर मळ. तो नारळाच्या करवंटीनं गटाराचं पाणी पीत होता. दोघांनी त्याला आपल्या दवाखान्यात नेलं, औषधं दिली. तो हळूहळू बोलू लागला. तेव्हा कळलं, की हा तर पदवीधर आहे आणि त्याचं घर आंध्र प्रदेशात आहे! असे किती जण रस्त्यावर भटकत असतील? या विचारातून 1988 साली 'श्रद्धा पुनर्वसन' ही संस्था उभी राहिली. पुढे कर्जतला तिचं मोठं केंद्र झालं.

तिथलं काम एखाद्या गुप्तहेरकथेसारखं आहे. रस्त्यावरून आणलेल्या माणसाला आधी आंघोळ, जेवण आणि औषधं. तो सावरू लागला, की कार्यकर्ते त्याच्याशी गप्पा मारतात. गावाचं नाव आठवतं का? जवळ नदी कुठली? शाळा कुठं होती? धागा जुळला, की कार्यकर्ता त्याला घेऊन रेल्वेनं निघतो, थेट त्याच्या गावी. हरवला म्हणून ज्याची आशा सोडली होती, तो दारात उभा! 2018 पर्यंत सात हजारांहून जास्त माणसं अशी आपापल्या घरी पोचली. त्या वर्षी डॉ. वाटवानींना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता कायदाही अशा माणसांच्या बाजूनं आहे. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो, की घरच्यांनी नाकारलं किंवा घरच नाही, एवढ्याच कारणानं कुणाला रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. समाजात राहण्याचा त्याला हक्क आहे. पण मुलांनो, कायदा माणसाला दारापर्यंत आणील. दार उघडायचं कुणी? आणि शेजाऱ्यांनी त्याच्याशी बोलायचं, हे कायदा कसा करवून घेणार?

समजा, तुमच्या वाडीतला एक काका उपचार घेऊन परत आलाय. शिमग्याची पालखी अंगणात आली आणि सगळे त्याच्यापासून लांब उभे राहिले, तर त्याला काय वाटेल? उलट कुणी म्हणालं, "काका, नारळ तुम्ही आणा," तर? भात लावणीला, गणपतीची आरास करायला त्याला हाक मारली, तर? काम मिळालं, चारचौघांत मान मिळाला, की माणूस टिकतो. एकटा पडला, की औषधं सुटतात आणि आजार पुन्हा डोकं वर काढतो.

आईवडिलांना एक विनंती. घरात असा आजार असेल तर तो लपवू नका. आपणहून औषध बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. सरकारच्या 'टेलिमानस' सेवेचा 14416 हा क्रमांक आहे. तिथं रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक सोपं काम. कुणी "वेडा, वेडा" म्हणत एखाद्यामागे धावत असेल, दगड उचलत असेल, तर त्याचा हात धरा. गावात कुणी बरा होऊन आला असेल, तर जाता-येता विचारा, "काय काका, बरे आहात ना?" एवढं तर पहिलीतल्या मुलालाही जमेल!