ज्वालामुखी ओळखावा स्वभावावरून



ज्वालामुखी म्हटले की निमुळता डोंगर, माथ्यावर धूर आणि उतारावरून वाहणारा तांबडालाल लाव्हा असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते. पण आपण राहतो ते माळव्याचे पठारही ज्वालामुखीनेच घडवलेले आहे, आणि येथे तसा डोंगर कोठेच दिसत नाही. असे का, ते आज समजून घेऊ.

जमिनीखाली खोलवर असलेल्या वितळलेल्या खडकाला शिलारस म्हणतात. तो बाहेर पडला की लाव्हा. शिलारसात सिलिका नावाचा घटक असतो. शिवाय पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड व गंधकाचे वायू विरघळलेले असतात. सिलिका कमी असेल तर रस पातळ असतो. जास्त असेल तर घट्ट आणि चिकट. आपल्या स्वयंपाकघरातच पाहा. पातळ आमटीतून वाफ सहज निघून जाते. घट्ट पिठले मात्र रटरटू लागले की त्याचे बुडबुडे फुटून हातावर उडतात. ज्वालामुखीचेही असेच आहे.

मुख्य प्रकार

1. भेगी ज्वालामुखी : जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून पातळ लाव्हा बाहेर येतो आणि दूरवर पसरतो. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी असेच थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. आज ते सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे. महाराष्ट्राचा बराचसा भाग आणि आपला माळवा त्यातच येतो. आपली काळी माती याच खडकाची झीज होऊन बनली. पाताळपाणीच्या धबधब्याजवळ जो काळा खडक दिसतो, तोही हाच.

2. ढालीच्या आकाराचे ज्वालामुखी : लाव्हा पातळच, पण एका ठिकाणाहून वारंवार येणारा. त्यामुळे पालथ्या ढालीसारखा पसरट डोंगर होतो. हवाई बेटांवरील मौना लोआ आणि किलाउआ हे असे आहेत. 2018 मध्ये किलाउआच्या लाव्ह्याने सुमारे सातशे घरे गिळली, पण लाव्ह्यामुळे कोणाचाही जीव गेला नाही, कारण लोकांना दूर जायला वेळ मिळाला.

3. राखेचे शंकू : उडालेले खडकाचे तुकडे व राख मुखाभोवती साचून लहान टेकडी होते. मेक्सिकोत 1943 साली एका शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतातच पारिकुटिन नावाचा ज्वालामुखी जन्मला. वर्षभरात तो 300 मीटरहून उंच झाला आणि 1952 मध्ये शांत झाला.

4. मिश्र शंकू : लाव्हा आणि राख यांचे थर एकाआड एक साचून उंच, देखणा डोंगर होतो. जपानचा फुजी (3776 मीटर) हा असा आहे. यांचा शिलारस बहुधा घट्ट असतो. वायू कोंडतात आणि स्फोट होतो. तप्त वायू व राखेचा लोट ताशी शंभर किलोमीटरहूनही अधिक वेगाने खाली येतो. बर्फ वितळले किंवा पाऊस पडला, तर राखेचा चिखल होऊन नदीच्या पात्रातून धावतो. त्याला 'लहार' म्हणतात.

दोन डोंगर, दोन परिणाम

कोलंबियातील नेवाडो देल रुईझ हा बर्फाच्छादित मिश्र शंकू. 13 नोव्हेंबर 1985 रोजी रात्री त्याचा उद्रेक झाला. उद्रेक तसा लहानच होता, पण माथ्यावरचे बर्फ वितळले. चिखलाच्या लोंढ्याला आर्मेरो गावी पोचायला सुमारे अडीच तास लागले. या गावाला धोका आहे, हे दाखवणारा नकाशा शास्त्रज्ञांनी महिनाभर आधीच तयार केला होता. तरी गाव रिकामे झाले नाही. या दुर्घटनेत 23 हजारांच्या आसपास माणसे गेली.

या घटनेपासून धडा घेऊन ज्वालामुखीच्या संकटात इतर देशांना मदत करणारे अमेरिकन शास्त्रज्ञांचे एक पथक 1986 मध्ये स्थापन झाले. 1991 मध्ये फिलिपिन्समधील पिनातुबो सुमारे पाचशे वर्षांच्या झोपेतून जागा होऊ लागला, तेव्हा हे पथक तेथील शास्त्रज्ञांच्या मदतीला गेले. लहान भूकंप मोजले गेले. गंधकाचा वायू दोनच आठवड्यांत दिवसाला 500 टनांवरून 5000 टनांवर गेला. लहार व राखेचे लोट कसे असतात, याची चित्रफीत लोकांना दाखवली. हजारो कुटुंबे वेळेत हलवली गेली. 15 जूनचा उद्रेक विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक होता. त्यात शेकडो माणसे दगावली, अनेकजण ओल्या राखेच्या भाराने कोसळलेल्या छपरांखाली. पण किमान 5 हजार प्राण वाचले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

पिनातुबोचा उद्रेक रुईझपेक्षा कितीतरी मोठा होता. तरीही तेथे अधिक माणसे वाचली, कारण शास्त्रज्ञांना कळलेले लोकांपर्यंत वेळेत पोचले आणि लोकांनी ते ऐकले.

आपल्या माळव्यात आज ज्वालामुखीचे भय नाही. पण अतिवृष्टीचा, पुराचा इशारा आपल्याकडेही येतो. तो आला की आपण काय करायचे, कोठे जायचे, हे पालकांनी एकदा मुलांसोबत बसून ठरवावे, अशी आमची विनंती आहे.