हेवी मेटल : कारखान्यातून निघालेले संगीत

या व्याख्यानमालेत सहकार, शेती, संतवाङ्मय असे विषय नेहमी होतात. आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाने किमान वेतन नाही तर बोनस यांवर बोलावे, अशी चालकांची अपेक्षा असणार. आम्ही ‘हेवी मेटल’ हा विषय कळवला तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. विषय संगीताचा आहे आणि आम्हांला संगीत येत नाही. शाळाही आठवीपर्यंतच झाली. तरीही हा विषय का घेतला, ते आधी सांगितले पाहिजे.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात आमच्या संघटनेचा एक पोरगा दाबयंत्रावर काम करीत असे. वय एकोणीस. अंगात सदैव कवटीचे चित्र असलेला काळा सदरा आणि कानांत मोबाईलची नळी. तिच्यातून बाहेर जो आवाज झिरपे, तो ऐकून आम्ही त्याला एकदा सभेतच सुनावले होते, “अरे, दिवसभर मशीनचा गोंगाट ऐकतोस, तो पुरत नाही का?” पुढे दोन वर्षांपूर्वी त्याच यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीचे टोक गेले.

आम्ही भरपाईचे कागद घेऊन दवाखान्यात गेलो. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. त्यात माणसाच्या शरीराचा दर दिला होता. हाड न जाता तर्जनीचे टोक गेले, तर कमाईची शक्ती शेकडा ५ ने घटली असे धरायचे. मधल्या बोटाचे टोक गेले तर ४, अनामिकेचे गेले तर २. हे आम्ही त्याला समजावून सांगितले. पोरगा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “आप्पा, हे पाच टक्के कोनं मोजले?” मग त्याने डाव्या हाताने मोबाईल काढून आम्हांला एका माणसाचे चित्र दाखवले आणि म्हणाला, “याची दोन बोटं गेली होती. यानंच हे गाणं सुरू केलं.”

त्या माणसाचे नाव टोनी आयोमी. गाव इंग्लंडातले बर्मिंगहॅम, म्हणजे कारखान्यांचे गाव. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. गिटार वाजवण्यासाठी तो नोकरी सोडणार होता आणि तो त्याचा कामाचा शेवटचा दिवस होता. पलीकडच्या यंत्रावरचा कामगार आला नाही, म्हणून न शिकवताच याला तेथे उभे केले. यंत्र खाली आले आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाची व अनामिकेची टोके गेली. आयोमी डावखुरा. तारा दाबण्याचा त्याचा हात उजवाच होता.

आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २३ व्या कलमाने सांगितले होते की, अठरा वर्षांखालच्या मुलाला पुरते शिकवल्यावाचून आणि देखरेखीवाचून धोक्याच्या यंत्रावर लावू नये. असे कलम पुस्तकात असणे वेगळे आणि पाळीच्या घाईत ते आठवणे वेगळे, हे आम्हांला नव्याने सांगायला नको.

डॉक्टरांनी आयोमीला वाजवणे विसर म्हणून सांगितले. पण त्याच कारखान्याचा व्यवस्थापक त्याच्या घरी एक तबकडी घेऊन आला. ती जँगो राइनहार्ट या वादकाची होती. आगीत त्याच्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती आणि तरीही तो जगातला नामांकित गिटारवादक ठरला होता. ते ऐकून आयोमी उठला. भांडी घासण्याच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोपणे केली, त्यांवर जुन्या कोटाचे कातडे चिकटवले आणि बँजोच्या हलक्या तारा गिटारला चढवल्या. १९३६ साली आपल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावात मिळणारे सामान घेऊन नगर सजवले होते. हाताशी जे असेल त्यातून उभे करणे ही रीत आपल्याला परकी नाही.

आता या संगीताचा ‘जडपणा’ कशात आहे तो पाहू. ताठ तार दाबली की दुखऱ्या बोटाला कळ येते. म्हणून पुढे आयोमीने तारा सैल केल्या. तार सैल झाली की स्वर उतरतो. १९७१ च्या तिसऱ्या अल्बममध्ये काही गाण्यांत त्याने हार्मोनियमच्या तीन पट्ट्यांइतका स्वर खाली नेला. आवाज खोल आणि घनगंभीर झाला. दुसरी गोष्ट आवाज फाडण्याची. जत्रेतल्या कर्ण्याची कळ वाजवीपेक्षा पुढे फिरवली की आवाज फाटतो. ही मंडळी तो मुद्दाम फाडतात. फाटलेल्या आवाजात पुष्कळ स्वर एकदम वाजवले तर सगळे गढूळ होते. षड्ज आणि पंचम यांचे नाते मात्र दोनास तीन असे सोपे असते, म्हणून ती जोडी तेवढी टिकते. आपल्या तंबोऱ्यातही तीच जोडी घुमत असते. तेव्हा हे संगीत आपल्या कानाला वाटते तितके परके नाही.

त्यांच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या पथकाची पहिली तबकडी १३ फेब्रुवारी १९७० ला निघाली. तिच्या पहिल्याच गाण्यात षड्जावरून तीव्र मध्यमावर उडी आहे. युरोपात या अंतराला सैतानाचे नाव चिकटले. तोच तीव्र मध्यम आपल्या यमनात रोज संध्याकाळी शांतपणे नांदतो. स्वर निरपराध असतो, त्याच्यावर आरोप माणसे ठेवतात. या पथकाचा गायक ऑझी ऑझबर्न याने आधी खाटिकखान्यात आणि मोटारींचे हॉर्न तपासून सुरात लावण्याच्या कामावर मजुरी केली होती. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅममध्येच या चौघांचा निरोपाचा कार्यक्रम झाला आणि २२ जुलैला ऑझी वारला.

खोड गेले, फांद्या राहिल्या. गेल्या काही वर्षांत निघालेल्या अल्बमांवरून त्या ओळखता येतात. जुन्या घाटाचे, स्पष्ट चालीचे आणि उंच गळ्याचे हेवी मेटल ऐकायचे तर ‘जुडास प्रीस्ट’चे ‘इन्विन्सिबल शील्ड’ (२०२४) ऐकावे. हे पथकही बर्मिंगहॅमकडचेच. त्यांचा ‘ब्रिटिश स्टील’ हा अल्बम एप्रिल १९८० मध्ये आला. त्याच महिन्याच्या आरंभी ब्रिटनच्या पोलाद कामगारांचा तेरा आठवड्यांचा संप मिटला होता. बंगळूरचे ‘क्रिप्टोस’ हे पथक याच वळणाचे असून त्याचा ‘डेसिमेटर’ २०२४ मध्ये निघाला.

दुसरी फांदी थ्रॅशची. तिच्यात वेग हे मुख्य, जणू पट्टा सुटलेले यंत्र. जर्मनीच्या कोळसा भागातल्या ‘सोडोम’ पथकाचा ‘दि आर्सनिस्ट’ २०२५ चा आहे. त्याचा म्होरक्या टॉम एंजलरिपर तरुणपणी कोळशाच्या खाणीत कामाला होता. जर्मनीतली दगडी कोळशाची शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. खाण बंद पडली, आवाज चालू राहिला.

तिसरी डूम. हिची चाल ओझे पाठीवर घेतलेल्या हमालासारखी संथ. मुंबईच्या ‘मिडहेवन’ पथकाचा २०२१ चा ‘ऑफ द लोटस अँड द थंडरबोल्ट’ या वळणाजवळ जातो आणि त्यात शिवाची कल्पना गुंफलेली आहे. चौथी डेथ मेटल. हिच्यात गायक गळ्याच्या तळातून गुरगुरतो. ते ओरडणे नसून शिकून कमावलेली क्रिया आहे. मुंबईच्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ने २०१७ मध्ये या आवाजात ब्लॅक मेटलची छटा मिसळून ‘दशावतार’ नावाचा अल्बम केला आणि मत्स्यापासून कल्कीपर्यंत अवतार त्यात आणले. नरसिंहाला गुरगुरता गळा शोभत नाही असे कोण म्हणेल? त्यांचा गायक साहिल माखिजा याने एकट्याच्या नावावर ‘द प्रॉपगंडा मशीन’ हा अल्बम २०२३ मध्ये काढला. हाच गृहस्थ इंटरनेटवर स्वयंपाकाचाही कार्यक्रम चालवतो.

पाचवी फांदी लोकसंगीताशी सोयरीक करणारी. दिल्लीच्या ‘ब्लडीवूड’ने ढोल आणि बासरी या गोंगाटात उतरवली. ‘रक्षक’ (२०२२) आणि ‘नू देल्ही’ (२०२५) हे त्यांचे अल्बम हिंदी, पंजाबी, इंग्रजी अशा मिश्र बोलीत आहेत. ज्याला यातले काहीच ठाऊक नाही, त्याने येथून सुरुवात करावी.

यावर आक्षेप आहेत आणि ते आम्ही झाकून ठेवणार नाही. नॉर्वेत १९९० नंतरच्या काळात ब्लॅक मेटल पंथातल्या काही तरुणांनी चर्च जाळली, खूनही झाले. तो गुन्हाच होता, आणि त्याला कलेचे पांघरूण घालता येत नाही. दुसरा आक्षेप कानांचा. आम्ही तरुणपणी सरकी काढण्याच्या जिनात काम केले, म्हणून आमचा डावा कान आज अर्धाच चालतो. आठ तास ८५ डेसिबल ही कानाची मर्यादा धरतात, आणि दर ३ डेसिबल वाढीला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. पोरांनो, आवाज कमी ठेवून ऐका. कान गेला तर त्याला टोपण करता येत नाही.

परंतु लादलेला आवाज आणि निवडलेला आवाज यांत फरक आहे, हे आम्हांला त्या पोराने शिकवले. यंत्राचा आवाज त्याच्यावर आठ तास लादलेला असतो. त्यातच त्याला माप बसवले, ताल दिला, की तो त्याच्या मालकीचा होतो. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना जात्याच्या घरघरीशेजारी गाणे सुचत होते, यात आपल्याला काही नवल वाटत नाही. दळणाचे कष्ट ओवीने कमी होत नसत, पण बाई त्या कष्टाहून मोठी होई. बर्मिंगहॅमच्या पोरांनी पत्र्याच्या कारखान्याशेजारी तेच केले असे आम्हांला वाटते.

राहिला पाच टक्क्यांचा प्रश्न. आयोमीच्या जखमेला आपल्या परिशिष्टाचा दर लावला, तर हाड वाचले असते तर मधल्या बोटाचे ४ आणि अनामिकेचे २ मिळून शेकडा ६ होतात. एकेक पेर गेले असे धरले तर ७ आणि ५ मिळून १२. कायद्याने काहीतरी दर लावलाच पाहिजे, नाहीतर कामगाराच्या हातात तेवढेही पडणार नाही, आणि त्या दरासाठी आम्ही भांडत राहूच. पण तो दर गेलेल्या बोटाचा असतो. उरलेल्या हाताचा दर कोणत्याच परिशिष्टात नाही.

पोरगा आता दुसऱ्या यंत्रावर आहे. त्या जुन्या यंत्राला आता लोखंडी जाळी बसली आहे. ती बसावी म्हणून आम्हांला चार महिने अर्ज करावे लागले. परवा तो कार्यालयात आला, तेव्हा कानात नळी होतीच. आम्ही उजव्या कानाकडे बोट केले आणि म्हणालो, “एक इकडे दे. आवाज मात्र कमी कर.”