बॅग भरायच्या आधी दोन वर्षं

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असाल, तर 'ट्रॅव्हल नर्स'ची रील्स तुमच्या फोनवर नक्की आली असतील. 13 आठवडे एका शहरात, मग बॅग उचलायची की दुसरं शहर. पगार डॉलरमध्ये आणि सुट्टीच्या दिवशी समुद्रकिनारा. (तो आपल्याकडे उत्तनलाही आहे म्हणा!)

रीलमध्ये एक गोष्ट दाखवत नाहीत. अमेरिकेतल्या एजन्सी या कामासाठी साधारण एक ते दोन वर्षांचा अनुभव मागतात आणि तोही त्याच विभागातला. आयसीयूसाठी आयसीयूचा, एनआयसीयूसाठी एनआयसीयूचा. जनरल वॉर्डची दोन वर्षं तिथे चालत नाहीत.

एवढं कडक का? कारण ही नर्स बोलावतात तीच मुळी माणसं कमी पडली म्हणून. कायमच्या नव्या स्टाफला काही आठवडे सीनियर सिस्टरच्या हाताखाली ठेवतात. तात्पुरत्या नर्सला मात्र अनेकदा एक-दोन दिवसच मिळतात. कॉम्प्युटरचा पासवर्ड, औषधांचं कपाट, क्रॅश कार्टची जागा, एवढं दाखवून पेशंट तुमच्या हवाली! व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला, तर नळीत कफ अडकलाय, पेशंट नळी चावतोय की नळीच सरकलीय, हे तिथे कोण शिकवणार? पेशंट अचानक अस्वस्थ झालाय, दोन तासांत लघवी कमी झालीय, पण मॉनिटरवर आकडे अजून ठीक दिसतायत. अशा वेळी डॉक्टरांना उठवायचं का आणि फोनवर नेमकं काय सांगायचं, हे पुस्तकातून येत नाही. त्यासाठी पुष्कळ नाइट ड्युट्या कराव्या लागतात.

म्हणून पहिली नोकरी निवडताना फक्त पगार आणि अंतर बघू नका. मीरा रोडला घराजवळच्या छोट्या नर्सिंग होममध्ये चालत जाता येतं, हे खरंच सुख आहे. पण गंभीर पेशंट आला की लगेच मुंबईला हलवत असतील, तर तिथल्या दोन वर्षांत तुम्ही शिकणार काय? त्यापेक्षा गर्दीची लोकल पकडून मोठ्या आयसीयूत गेलेलं बरं, असं माझं मत. इंटरव्ह्यूत बिनधास्त विचारा: व्हेंटिलेटर किती, एका सिस्टरकडे पेशंट किती, नवीन आलेल्यांना कुणाबरोबर ठेवता?

जीएनएमची तीन किंवा बीएस्सीची चार वर्षं आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाली की काम सुरू करता येतं. थोडा अनुभव घेऊन क्रिटिकल केअर, ऑन्कॉलॉजी, निओनॅटल अशा विषयांत एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमाही करता येतो.

आता अमेरिकेचं. एनक्लेक्स परीक्षा भारतातही देता येते, पण ती पास झालात म्हणजे विमानात बसलात असं नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत भारतीयांना कित्येक वर्षं थांबावं लागतं. आपल्याकडून जाणाऱ्या नर्सेस सहसा आधी दोन-तीन वर्षांच्या करारावर एकाच हॉस्पिटलमध्ये काम करतात, 13 आठवड्यांची भटकंती त्यानंतर. जर्मनीचा रस्ताही आहे. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सेसही आहेत. तिथे आधी जर्मन शिकावं लागतं.

'सहा महिन्यांत फॉरेन' म्हणणारा एजंट भेटला, तर तो सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते आधी तपासा. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि जीएसटी घेता येतो. लाखात बोलू लागला की उठायचं.

आणि अनुभवाचं पत्र. त्यावर नुसतं 'स्टाफ नर्स' लिहून देतात आणि मग दोन वर्षं आयसीयूत राबल्याचा कागदावर पत्ताच नसतो. विभागाचं नाव, बेडची संख्या, तारखा हे सगळं नोकरी सोडतानाच लिहून घ्या. परदेशी एजन्सी प्रत्येक कामाची यादी देऊन तुम्हाला त्यात किती सराव आहे हे भरायला लावतात, तेव्हा व्हेंटिलेटर, डायलिसिस, सेंट्रल लाइन असं जे हाताळाल ते पहिल्या महिन्यापासून एका छोट्या वहीत टिपत जा. पेशंटची नावं मात्र त्यात नकोत. ओरिजिनल सर्टिफिकेट कुणी 'जमा करा' म्हटलं, तर झेरॉक्स द्या.