आभासी मोबाइल जाळे आणि पॅकेटच्या वेगाची किंमत

बेंगळुरू शहराच्या आग्नेय भागातून सर्जापूर गावाकडे जाणारा सर्जापूर रोड हा देशातील माहिती तंत्रज्ञान उद्योगाचा एक प्रमुख मार्ग होय. याच मार्गावर दोड्डकन्नेल्ली येथे विप्रोचे मुख्यालय आहे. इब्लूर चौकात या मार्गाला बाह्य वर्तुळाकार रस्ता छेदतो आणि त्या रस्त्याच्या सर्जापूर ते मराठहळ्ळी या टप्प्यात इंटेल, सिस्को यांसारख्या कंपन्यांची मोठी संकुले उभी आहेत. सायंकाळी कार्यालये सुटल्यावर इब्लूर चौकातील वाहनांची कोंडी सर्वांना दिसते. त्याच वेळी त्याच चौकातून आणखी एक तितकीच दाट वाहतूक चालू असते, ती मात्र दिसत नाही. कोंडीत अडकलेले प्रवासी नकाशा उघडतात, चित्रफीत पाहतात, घरी दूरध्वनी करतात. या प्रत्येक कृतीचे रूपांतर लहान लहान विदा-तुकड्यांत, म्हणजेच पॅकेटमध्ये होते. ही पॅकेट हाताळण्याचे काम पूर्वी खास बनविलेली यंत्रे करीत असत. आता ते काम सर्वसाधारण सर्व्हरवर चालणाऱ्या आज्ञावलीकडे आले आहे. हे स्थित्यंतर कसे घडले व त्यासाठी कोणती किंमत मोजावी लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पॅकेटचा मार्ग

मोबाइल संचातून निघालेले पॅकेट प्रथम जवळच्या मनोऱ्यावरील तळकेंद्राकडे जाते. तळकेंद्र त्या पॅकेटला जीटीपी नावाचे एक बाह्य वेष्टन चढविते व ते जाळ्याच्या गाभ्याकडे पाठविते. गाभ्यात दोन स्वतंत्र व्यवस्था असतात. ग्राहकाची ओळख पटविणे, त्याला जोडणी देणे, तो एका मनोऱ्याच्या क्षेत्रातून दुसऱ्याच्या क्षेत्रात गेल्यास त्याची नोंद ठेवणे ही कामे नियंत्रण व्यवस्था करते. प्रत्यक्ष विदा वाहून नेण्याचे काम दुसरी व्यवस्था करते. ५जी तंत्रज्ञानात या दुसऱ्या घटकास यूपीएफ असे संक्षिप्त नाव आहे. यूपीएफ प्रत्येक पॅकेटचे वेष्टन उतरविते, ते कोणत्या ग्राहकाचे आहे हे त्यावरील क्रमांकावरून शोधते, त्या ग्राहकाला लागू असलेले नियम व वेगमर्यादा तपासते, वापराची मोजणी करते आणि मग ते पॅकेट इंटरनेटकडे सोडते. परतीच्या प्रवासात हीच कामे उलट क्रमाने होतात. टोलनाक्यावर प्रत्येक वाहनाची नोंद, वजन व पथकर असे तिन्ही सोपस्कार व्हावेत, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की, येथे एका सेकंदात कोट्यवधी वाहने येतात.

आभासीकरणाचा उगम

२०१२ सालापर्यंत अशा प्रत्येक कामासाठी स्वतंत्र यंत्र विकत घेतले जात असे. यंत्र एका कंपनीचे, त्यातील आज्ञावलीही त्याच कंपनीची व दुरुस्तीही तिचीच. ऑक्टोबर २०१२ मध्ये जगातील काही प्रमुख दूरसंचार कंपन्यांनी एकत्र येऊन एक श्वेतपत्र प्रसिद्ध केले. जाळ्यातील कार्ये यंत्रापासून वेगळी काढावीत, ती आज्ञावलीच्या रूपात असावीत व बाजारात सहज मिळणाऱ्या सर्व्हरवर आभासी यंत्रांमध्ये चालवावीत, असे त्यात सुचविले होते. यालाच जाळे-कार्यांचे आभासीकरण किंवा एनएफव्ही म्हणतात. त्याची मानके ठरविण्याचे काम युरोपातील एट्सी या संस्थेने हाती घेतले.

कल्पनेचा आर्थिक लाभ उघड होता. सर्व्हर कोणाकडूनही घेता येतो, गरजेनुसार आभासी यंत्रे वाढविता किंवा कमी करता येतात आणि एकाच पुरवठादारावर अवलंबून राहावे लागत नाही. नियंत्रण व्यवस्थेच्या बाबतीत ही कल्पना फारशा अडथळ्याविना यशस्वी झाली, कारण तिथे संदेशांची संख्या मर्यादित असते. विदा वाहून नेणाऱ्या यूपीएफच्या बाबतीत मात्र प्रश्न उभा राहिला आणि तो निव्वळ अंकगणिताचा होता.

६७ नॅनोसेकंदांचे गणित

इथरनेटवरील सर्वांत लहान पॅकेट ६४ बाइटचे असते. त्यापूर्वीचे सूचक बाइट व दोन पॅकेटमधील सक्तीचे अंतर मिळून आणखी २० बाइट धरावे लागतात. एकूण ८४ बाइट, म्हणजे ६७२ बिट. सेकंदाला १० गिगाबिट क्षमतेच्या तारेवरून अशी सुमारे १ कोटी ४८ लाख ८१ हजार पॅकेट दर सेकंदाला येऊ शकतात. याचा अर्थ प्रत्येक पॅकेटच्या वाट्याला ६७.२ नॅनोसेकंद येतात. ३ गिगाहर्ट्झ गतीच्या प्रक्रियकाला एवढ्या अवधीत सुमारे २०० आवर्तने मिळतात. तार १०० गिगाबिटची असेल तर ही संख्या २० वर येते.

आता दुसरी बाजू पाहू. प्रक्रियकाला हवी असलेली माहिती त्याच्या जवळच्या कॅश स्मृतीत नसेल आणि ती मुख्य स्मृतीतून आणावी लागली, तर त्या एकाच फेरीला सुमारे ७० ते १०० नॅनोसेकंद लागतात. म्हणजे एका चुकलेल्या फेरीतच पॅकेटचा सारा वेळ संपतो. शिवाय सर्वसाधारण परिचालन प्रणालीत पॅकेट आले की जाळे-पत्रिका, अर्थात नेटवर्क कार्ड, प्रक्रियकाला व्यत्यय-संकेत देते. प्रक्रियक हातातले काम बाजूला ठेवतो, प्रणालीचा गाभा असलेला कर्नल त्या पॅकेटसाठी जागा राखतो, ते अनेक स्तरांतून पुढे सरकवितो आणि शेवटी त्याची प्रत काढून आज्ञावलीच्या हाती देतो. गर्दीच्या वेळी व्यत्यय-संकेत कमी करण्याची सोय लिनक्समध्ये फार पूर्वीपासून आहे, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. तरीही उरलेला मार्ग लांबच राहतो. त्यातच आभासी यंत्र आले की यजमान प्रणाली व पाहुणी प्रणाली असे दोन मजले होतात व पॅकेटला दोन्ही चढावे लागतात.

सर्वच पॅकेट ६४ बाइटची नसतात, असा आक्षेप येथे घेता येईल व तो योग्यही आहे. १५१८ बाइटची मोठी पॅकेट असतील, तर त्याच १० गिगाबिट तारेवर सेकंदाला केवळ ८ लाख १३ हजारांच्या आसपास पॅकेट येतात. चित्रफितीची पॅकेट मोठी असतात. परंतु संभाषणाची, पोचपावत्यांची व खेळांची पॅकेट लहान असतात आणि विलंब नेमका त्यांनाच सोसवत नाही.

कर्नलला वळसा

या प्रश्नाचे सर्वाधिक रूढ झालेले उत्तर म्हणजे डीपीडीके हा आज्ञावली-संच होय. इंटेलमधील अभियंते वेंकी वेंकटेशन यांच्या पुढाकाराने तो २०१० च्या सुमारास आकाराला आला. त्यांना डीपीडीकेचे जनक म्हटले जाते. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. हा संच मुक्त परवान्याखाली उपलब्ध असून २०१७ पासून तो लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे.

त्यामागील विचार अगदी सरळ आहे. व्यत्यय-संकेताची वाट न पाहता प्रक्रियकाचा एक संपूर्ण कोअर केवळ पॅकेट आले का, हे अखंड तपासत बसतो. पॅकेट कर्नलकडे जातच नाही. जाळे-पत्रिका ते थेट आज्ञावलीच्या स्मृतीत ठेवते, म्हणून प्रत काढावी लागत नाही. पॅकेट एकेक न घेता, उदाहरणार्थ, ३२ च्या गटाने घेतली जातात. त्यामुळे एकदा कॅशमध्ये आलेल्या आज्ञा संपूर्ण गटाला उपयोगी पडतात. सिस्कोने विकसित केलेली व २०१६ मध्ये मुक्त केलेली व्हीपीपी ही प्रणाली गटाने काम करण्याचे हेच तत्त्व आणखी पुढे नेते. कर्नलला पूर्ण वळसा न घालता त्याच्या अगदी दारातच पॅकेटचा निकाल लावणारी एक्सडीपी ही सोयही लिनक्समध्ये २०१६ सालीच आली.

मांडणीतील बारकावे

केवळ डीपीडीके बसविल्याने अपेक्षित वेग मिळत नाही. मांडणी चुकली तर महागडा सर्व्हरही सामान्य ठरतो, असा या क्षेत्रातील सर्वांचाच अनुभव आहे.

पहिली बाब स्मृतीची. प्रक्रियक स्मृतीचे पत्ते पानांच्या हिशेबाने शोधतो व नेहमीचे पान ४ किलोबाइटचे असते. १ गिगाबाइट जागेसाठी अशी २,६२,१४४ पाने लागतात. इतक्या नोंदी प्रक्रियकाच्या लहानशा पत्तापुस्तिकेत मावणे शक्य नाही. २ मेगाबाइटची पाने घेतल्यास ५१२ नोंदी पुरतात आणि १ गिगाबाइटचे पान घेतल्यास एकच. ही मोठी पाने सर्व्हर सुरू होतानाच राखून ठेवावीत. नंतर स्मृती विखुरलेली असते व सलग जागा मिळेलच असे नाही.

दुसरी बाब स्थानाची. दोन प्रक्रियक असलेल्या सर्व्हरमध्ये प्रत्येकाची स्मृती वेगळी असते आणि जाळे-पत्रिकाही दोहोंपैकी एकालाच जोडलेली असते. पत्रिका एकीकडे व आज्ञावली दुसरीकडे असे झाले, तर प्रत्येक पॅकेटला मधला पूल ओलांडावा लागतो. म्हणून पत्रिका, स्मृती व कोअर एकाच बाजूला ठेवतात. पॅकेटसाठी नेमलेल्या कोअरवर परिचालन प्रणालीने दुसरे कोणतेही काम टाकू नये, अशी तजवीजही करावी लागते.

तिसरी बाब आभासी यंत्राला पत्रिका कशी द्यावयाची ही. एसआर-आयओव्ही या पद्धतीत एकच पत्रिका अनेक आभासी पत्रिकांचे रूप घेते व प्रत्येक आभासी यंत्राला त्यातील एक थेट मिळते. मधला मजलाच नाहीसा होतो आणि वेग वाढतो. मात्र आभासी यंत्र त्या विशिष्ट पत्रिकेला बांधले गेल्याने ते चालू स्थितीत दुसऱ्या सर्व्हरवर हलविणे अवघड होते. दुसऱ्या पद्धतीत यजमान सर्व्हरवर आज्ञावलीचा स्विच असतो व तोही डीपीडीकेवर चालतो. येथे लवचीकता टिकते, पण काही कोअर त्या स्विचसाठीच खर्ची पडतात. यांपैकी कोणतीही पद्धत सर्वत्र श्रेष्ठ नाही. आता आभासी यंत्रांच्या जागी कंटेनर येत असले, तरी ही निवड करावीच लागते.

चौथी बाब पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते. आलेली पॅकेट अनेक कोअरमध्ये वाटण्यासाठी पत्रिका त्यांच्या पत्त्यांवरून रांग ठरविते. परंतु तळकेंद्राकडून आलेल्या पॅकेटवर जीटीपीचे वेष्टन असते. बाहेरून पाहिल्यास पाठविणारा एकच, ते तळकेंद्र, आणि घेणारी एकच, ती यूपीएफ. परिणामी इब्लूर चौकातील एका तळकेंद्राखालच्या हजारो ग्राहकांची सर्व पॅकेट एकाच रांगेत, एकाच कोअरवर जाऊन पडू शकतात. तो कोअर गुदमरतो आणि शेजारचे रिकामे राहतात. बाहेरून पाहणाऱ्याला सर्व्हरची सरासरी व्यग्रता कमी दिसते, तरी ग्राहकाची तक्रार मात्र खरी असते. वेष्टनाच्या आतील पत्ता किंवा वेष्टनावरील ग्राहक-क्रमांक वाचून रांग ठरविणारी पत्रिका वापरणे, हा त्यावरील उपाय आहे.

विजेचा प्रश्न

अखंड तपासणी करणारा कोअर पहाटे तीन वाजता एकही पॅकेट नसताना देखील शंभर टक्के व्यग्र असतो. प्रणालीचा आलेख पाहून खरी गर्दी किती, हे कळत नाही व वीज मात्र खर्च होते. रहदारी कमी असताना कोअरची गती उतरविण्याची साधने आता उपलब्ध आहेत. परंतु कोअर पुन्हा जागा होण्यास लागणारा वेळ हाच विलंब ठरतो, म्हणून अनेक ठिकाणी ती बंदच ठेवली जातात. आभासीकरणाचे मूळ आकर्षण म्हणजे साधनांची वाटणी. राखून ठेवलेले कोअर, राखून ठेवलेली स्मृती व बांधलेली पत्रिका यांमुळे ते आकर्षण बरेच कमी होते. काहीसे कटू असले तरी हे मान्य करावयास हवे की, वेगासाठी सर्वसाधारण सर्व्हरला पुन्हा खास यंत्राचे रूप दिले जाते.

भारतातील प्रयत्न

मग यातून साधले काय? आपल्या दृष्टीने या प्रश्नाचे उत्तर महत्त्वाचे आहे. खास चिप व यंत्रे बनविणाऱ्या मोजक्या परदेशी कंपन्यांशी स्पर्धा करणे भारतीय संस्थांना कठीण होते. सर्वसाधारण सर्व्हरवर चालणारी आज्ञावली लिहिणे आवाक्यातले आहे. मार्च २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने सुमारे २२४ कोटी रुपयांच्या स्वदेशी ५जी चाचणी मंचास अर्थसाहाय्य मंजूर केले. आयआयटी मद्रासच्या नेतृत्वाखाली आठ संस्थांनी तो उभारला व १७ मे २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. या मंचाच्या ५जी गाभ्यावर पवई येथील आयआयटी मुंबईत काम झाले. कर्नलला वळसा घालणारी यूपीएफ आणि तिच्या कामाचा काही भाग प्रोग्राम करता येणाऱ्या यंत्रसामग्रीकडे सोपविणे, या विषयांवर तेथील संशोधकांचे कार्य प्रसिद्ध आहे.

धोरणाच्या पातळीवर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेला दूरसंचार क्षेत्रासाठीचा राष्ट्रीय सुरक्षा निर्देश १५ जून २०२१ पासून लागू झाला आणि जाळ्यात नवी उपकरणे केवळ विश्वसनीय स्रोतांकडून घेण्याचे बंधन आले. त्याच वर्षी दूरसंचार उपकरणांसाठी १२,१९५ कोटी रुपयांची उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना जाहीर झाली. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथून बीएसएनएलच्या स्वदेशी ४जी जाळ्याचे लोकार्पण झाले. सुमारे ९७,५०० मनोऱ्यांच्या या प्रकल्पात गाभ्याची आज्ञावली सी-डॉटची, तळकेंद्राची उपकरणे बेंगळुरूच्या तेजस नेटवर्क्सची आणि एकत्रीकरण टीसीएसचे आहे.

अशा जाळ्यांच्या खरेदीत क्षमतेचा दावा गिगाबिटमध्ये केला जातो. तो दावा कोणत्या आकाराच्या पॅकेटवर केला आहे, हे प्रथम पाहावे लागते. मार्च १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी २५४४ या दस्तऐवजाने यासाठी ६४ ते १५१८ बाइटपर्यंतचे सात आकार सुचविले असून एकही पॅकेट न गळता मिळालेला सर्वाधिक वेग हीच खरी वहनक्षमता मानली आहे. १५१८ बाइटच्या पॅकेटवर १०० गिगाबिट वाहणारी यूपीएफ ६४ बाइटच्या पॅकेटवर तेवढाच वेग देऊ पाहील, तर तिला सेकंदाला अठरा पटींहून अधिक पॅकेट हाताळावी लागतील.