वायफाय सारखं तुटतंय? चूक कार्डाच्या पोटात असू शकते आणि लिनक्सवाले तिला असा वळसा घालतात

लॅपटॉपवर लिनक्स टाकलं की लोक आधी काय तपासतात? वायफाय. राऊटर ठणठणीत, पासवर्ड बरोबर, तरी कनेक्शन सारखं तुटतं. शिव्या खातं लिनक्स, पण पुष्कळदा गडबड असते ती वायफाय कार्डाच्या आत.

वायफाय कार्ड म्हणजे अख्खा एक छोटा कॉम्प्युटरच. त्यात स्वतंत्र प्रोसेसर असतो, मेमरी असते आणि त्यावर चालणारं सॉफ्टवेअर असतं. हेच फर्मवेअर. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नल. त्यातला ड्रायव्हर या फर्मवेअरला हुकूम सोडतो. अडचण अशी, की बहुतेक कंपन्या फर्मवेअरची तयार फाईल देतात, सोर्स कोड देत नाहीत. चूक डोळ्यांसमोर दिसली तरी ड्रायव्हर लिहिणाऱ्याला ती दुरुस्त करता येत नाही.

मग उरतो जुगाड. कर्नलच्या भाषेत त्याला ‘क्वर्क’ म्हणतात.

उदाहरणार्थ, वीज वाचवण्यासाठी कार्ड आणि मदरबोर्डमधला दुवा मधेमधे डुलकी घेतो. काही लॅपटॉपवर या डुलकीनेच घोळ होतो. म्हणून रिअलटेकच्या कार्डांसाठीच्या एका ड्रायव्हरमध्ये चक्क अशा लॅपटॉपची नावं लिहून ठेवली आहेत. त्यात एचपी पॅव्हिलियनचं एक मॉडेलही आहे. आपण त्या मशीनवर आहोत हे कळलं की ड्रायव्हर डुलकी बंद करतो. बॅटरी थोडी जास्त जाते, पण वायफाय टिकतं.

इंटेलच्या ड्रायव्हरची तऱ्हा वेगळी. फर्मवेअर कोसळलं की तो लॉगमध्ये नोंद करतो, फर्मवेअर पुन्हा सुरू करतो आणि जुन्या सेटिंग्ज परत भरतो. तुम्हाला वाटतं, व्हिडिओ जरा अडकला!

ब्रॉडकॉमचा किस्सा तर भारीच. कंपनीने चिपची माहिती खुली केली नव्हती. तेव्हा एका गटाने कंपनीचा बंद ड्रायव्हर उलगडून चिप कशी वागते याचं वर्णन लिहिलं. दुसऱ्या गटाने मूळ कोडकडे न बघता, नुसत्या त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. कॉपीराइटचा वाद नको म्हणून हा खटाटोप. २००६ मध्ये तो कर्नलमध्ये आला, पण फर्मवेअर वाटायची परवानगी नव्हती. ते कंपनीच्या ड्रायव्हरमधून कापून काढायला वेगळा प्रोग्रॅम लागायचा. २०१० मध्ये ब्रॉडकॉमने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला. फर्मवेअर मात्र बंदच राहिलं.

लिनक्स वापरत नाही म्हणून सुटलात असं नाही. अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्स कर्नलच आहे. २०१७ मध्ये गुगलच्या प्रोजेक्ट झीरोमधल्या गॅल बेनिआमिनी यांनी दाखवलं, की वायफायच्या टप्प्यात बसून ब्रॉडकॉमच्या फर्मवेअरमध्ये शिरता येतं आणि तिथून फोनचा ताबा घेता येतो. फोनवाल्याने कशावरही क्लिक करायची गरज नाही. फर्मवेअरकडून आलेल्या संदेशांवर ड्रायव्हरने डोळे झाकून विश्वास ठेवला, की हे असं होतं. ॲपल आणि गुगलने दुरुस्त्या दिल्या, पण अपडेट बंद झालेल्या फोनपर्यंत त्या पोहोचत नाहीत.

लिनक्सवर वायफाय रुसलं तर टर्मिनलमध्ये ‘डीमेसेज’ ही कमांड चालवून कर्नलचा लॉग बघा. तिथे फर्मवेअर कोसळल्याची नोंद असेल, तर राऊटर बदलायला धावू नका. आधी ‘लिनक्स-फर्मवेअर’ हे पॅकेज अपडेट करा. तरी भागलं नाही, तर ड्रायव्हरमधली वीजबचत बंद करून बघा.