टॉलपडलची जत्रा

इंग्लंडच्या खेडोपाडी उन्हाळ्यात जत्रा भरते. हिरवळीवर तंबू पडतात, घरचे केक विकायला मांडतात, बँड वाजतो. चेंडू मारून नारळ पाडील त्याला तो नारळ बक्षीस मिळतो. जमलेला पैसा पुष्कळदा चर्चच्या डागडुजीला लागतो. परंतु डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल या लहानशा गावी जुलैत जी जत्रा भरते, तिचे दैवत निराळे आहे. तेथे सहा शेतमजुरांचे स्मरण होते.

हे सहाजण कोण? १८३० नंतर तेथील मजुरी आठवड्याला नऊ शिलिंगांवरून आठ, मग सात अशी उतरली, आणि सहावर आणण्याची भाषा सुरू झाली. तेव्हा १८३३ साली जॉर्ज लव्हलेस या मजुराच्या पुढाकाराने संघ निघाला. संघ काढणे १८२४ पासून गुन्हा राहिला नव्हता. मग त्यांना पकडावे कशात? सभासद होताना ते गुप्ततेची शपथ घेत, तेवढे पुरे झाले. आरमारातील बंडानंतर १७९७ साली केलेला शपथविरोधी कायदा त्यांच्यावर लावला गेला. मार्च १८३४ मध्ये सहाही जणांना सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी ऑस्ट्रेलियाला झाली.

लंडनचे कामगार स्वस्थ बसले नाहीत. २१ एप्रिल १८३४ रोजी हजारोंची मिरवणूक निघाली, सह्यांचे अर्ज गेले. १८३६ साली सरकारला माफी द्यावी लागली. परतल्यावर पाचजण पुढे कॅनडात गेले. एकटा जेम्स हॅमेट गावी राहिला. म्हातारपणी तो आंधळा झाला आणि १८९१ साली डॉर्चेस्टरच्या अनाथगृहात वारला.

आज जत्रेच्या रविवारी निरनिराळ्या संघटना आपापली निशाणे घेऊन बँडच्या तालावर गावातून मिरवतात. गावच्या दफनभूमीत हॅमेटच्या थडग्यावर फुले वाहतात. त्यावरचा दगड १९३४ साली, म्हणजे शिक्षेला शंभर वर्षे झाली तेव्हा बसला. त्याच सुमारास कामगार संघटनांच्या महासंघाने तेथे वृद्ध शेतमजुरांसाठी सहा घरे बांधली.

कारखान्याच्या दारावर वर्गणीची पावती फाडताना आम्हांला पुष्कळदा प्रश्न येतो, ‘अशा उत्सवांनी पगार वाढतो काय?’ नाही वाढत. पण हॅमेट निराधार होऊन मेला, ही आपल्या चळवळीच्या माथ्यावरची बाकी आहे. ती विसरू नये म्हणून जत्रा, आणि ती थोडी तरी फिटावी म्हणून ती सहा घरे. आम्ही वर्गणी मागतो ती याच हिशेबाने.