रवांडाच्या मुली, बार्शीच्या मुली

दोन आठवड्यांपूर्वी साधारण पंचावन्न वर्षांच्या एक बाई दवाखान्यात आल्या. पाळी बंद होऊन सहा-सात वर्षे झालेली, पण आठ महिन्यांपासून अंगावरून अधूनमधून लाल जात होते. ‘या वयात कुणाला दाखवायचे’ म्हणून त्या गप्प राहिल्या. तपासणीत गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला, तोही पुढच्या अवस्थेतला. त्यांना मी मोठ्या रुग्णालयात पाठविले. निघताना सोबतच्या सुनेने विचारले, ‘‘डॉक्टर, माझी मुलगी दहा वर्षांची आहे. तिला हे होऊ नये म्हणून काही करता येतं का?’’

येते. लस आहे. पण ती एका मुलीला देणे वेगळे आणि देशातल्या प्रत्येक मुलीपर्यंत पोहोचविणे वेगळे. हे दुसरे काम कसे करावे, ते आफ्रिकेतील रवांडा या छोट्या, गरीब देशाकडून शिकण्यासारखे आहे. म्हणून आज तिकडची हकीकत सांगतो.

आधी रोगाविषयी थोडे. हा कर्करोग बहुतेक वेळा ‘एचपीव्ही’ नावाच्या विषाणूमुळे होतो. हा शोध लावणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो आपोआप जातो. काहींच्या शरीरात तो ठाण मांडतो आणि पंधरा-वीस वर्षांनी कर्करोग होतो. लस हा संसर्ग टाळते, झालेला बरा करीत नाही. म्हणूनच ती वयाच्या ९ ते १४ वर्षांत द्यायची. २०२२ या एका वर्षात जगात सुमारे साडेतीन लाख स्त्रिया या रोगाने दगावल्या. त्यांतल्या बहुतेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या होत्या.

रवांडात १९९४ मध्ये भीषण वंशसंहार झाला. दवाखाने ओस पडले, डॉक्टर मारले गेले किंवा परागंदा झाले. त्याच देशाने एप्रिल २०११ मध्ये ही लस देशभर सुरू केली. आफ्रिकेत असे करणारा तो पहिला देश. मर्क कंपनीने पहिली तीन वर्षे लस मोफत दिली. पण लस फुकट मिळाली म्हणजे ती दंडात टोचली गेली असे होत नाही.

त्यांनी काय केले? मुलींच्या वयाचे दाखले शोधत बसण्याऐवजी प्राथमिक शाळेतला सहावीचा वर्ग धरला. हजेरीपट हीच यादी. शाळेत न जाणाऱ्या बारा वर्षांच्या मुली गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर फिरून शोधल्या. आपल्याकडच्या आशाताईंसारखेच हे कार्यकर्ते, गावानेच निवडलेले. पालकांना आधीच समजावून सांगितले. लस २ ते ८ अंश तापमानातच ठेवावी लागते आणि गोठली तर वाया जाते. त्यामुळे डोंगराळ रस्त्यांवरून शीतपेट्या वेळेवर पोहोचविणे, हे मोठेच काम. त्यात तेव्हा एकेका मुलीला तीन डोस द्यावे लागत. तरीही पहिल्याच वर्षी ठरविलेल्या मुलींपैकी ९३ टक्के मुलींना तिन्ही डोस मिळाले.

सगळीकडे असे जमले नाही. केनियाने २०१९ मध्ये दहा वर्षांच्या मुलींना लस द्यायला सुरुवात केली. लसीने वांझपण येते अशा अफवा उठल्या. पाठोपाठ २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद पडल्या. पहिला डोस घेतलेल्या अनेक मुली दुसऱ्यासाठी आल्याच नाहीत. एकदा बोलावलेली मुलगी पुन्हा बोलावणे, हीच या कामातली खरी अडचण.

ती सोडविण्यात आपल्या बार्शीचाही वाटा आहे! २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने भारतात दोन आणि तीन डोसांची तुलना करणारा अभ्यास सुरू केला. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी हे त्याचे एक केंद्र होते. आंध्र आणि गुजरातमधील दुसऱ्याच एका प्रकल्पात काही मुली दगावल्याने गदारोळ झाला, आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने असे सगळे लसीकरण थांबविले. त्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही. पालकांची संमती घेण्यातल्या त्रुटी मात्र उघड झाल्या. नीट सांगितले नाही तर चांगल्या कामावरचा विश्वासही उडतो, हा त्यातला धडा.

लसीकरण मध्येच थांबल्याने हजारो मुलींना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी त्यांना वाऱ्यावर सोडले नाही, वर्षानुवर्षे त्यांची तपासणी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा एका डोसानेही जवळजवळ तितकेच संरक्षण मिळते असे दिसले. केनियातील अभ्यासानेही २०२२ मध्ये तेच सांगितले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एक डोस पुरेसा धरण्यास मान्यता दिली.

याचा अर्थ काय? तेवढ्याच लसीत जास्त मुली, आणि दुसऱ्यांदा बोलावण्याची कटकट नाही. नायजेरियाने ऑक्टोबर २०२३ मध्ये एकाच डोसाची मोहीम सुरू केली, ती ७७ लाख मुलींचे उद्दिष्ट ठेवून. शाळांत आणि वस्त्यांवर जाऊन लस टोचली गेली.

त्या सूनबाईंना मी दोन गोष्टी सांगितल्या. मुलीला योग्य वयात लस द्या. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली लसही २०२३ पासून उपलब्ध आहे. दुसरे म्हणजे, तुम्ही स्वतः तिशी ओलांडली आहे, तेव्हा काही त्रास नसला तरी गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घ्या. लस घेतलेल्या मुलींनाही पुढे तपासणी चुकत नाही.

आणि भगिनींनो, पाळी बंद झाल्यावर, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर अंगावरून लाल गेले तर लाजू नका, लगेच दाखवा. दरवेळी कर्करोगच असतो असे नाही. पण असलाच, तर आठ महिने फार होतात.